नाकाला विचारा, मास्तर

रणदिवेकाकांनी दार उघडलं, माझ्या शर्टाजवळ नाक आणलं आणि म्हणाले, "पेढे. शाळेत कुणाचा तरी वाढदिवस झालाय. आणि मास्तर, तुम्ही दोन खाल्लेत."

मी दोनच खाल्ले होते. डॉक्टरांनी मला एकही खायचा नाही असं सांगितलंय, आणि बायकोला 'अर्धा खाल्ला' असं सांगायचं मी जिना चढताना ठरवलं होतं. अशा माणसाच्या समोरच्या विंगमध्ये राहणं किती दमवणारं असतं, हे राहिल्याशिवाय कळायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला तर जास्तच. मी काही फार पापं केलेली नाहीत, पण केलेल्या लहान लहान पापांचं ओझं मी नेहमी खिशात घेऊन हिंडतो. काकांना ते खिशाबाहेरूनच कळतं.

काका बहात्तर वर्षांचे. उभी हयात त्यांनी बडोद्याजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे टाकीतून नमुना आला की यंत्राला लावायच्या आधी काका हुंगायचे आणि सांगायचे, "यात पाणी आहे." यंत्र तेच सांगायचं, पण तासाभराने. काका निवृत्त झाले, नाक झालं नाही. आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत ते अजून कामावरच आहे. दोन्ही विंगांना मिळून असलेल्या एकाच लिफ्टमध्ये शिरले की आपल्या आधी कोण येऊन गेलं ते काका सांगतात. "पटेलांची सून. बाम लावलाय. डोकं दुखतंय बिचारीचं." एकदा गणपतीच्या आरतीत त्यांनी "कापूर भेसळीचा आहे" म्हणून हात वर केला होता. आरती थांबली. कापूर आणणारे शहाकाका अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

काकांचं एक पालुपद आहे. कशाबद्दलही काही विचारा, आंबा पिकलाय का, दूध नासलंय का, नवा रंगारी बरा आहे का, काका म्हणणार, "मला काय विचारता? नाकाला विचारा."

आता मूळ विषयाकडे येतो. तो सांगताना मला अजून घाम फुटतो, कारण मी शाळेत गणित शिकवतो आणि आमच्या राज्यात दारूबंदी आहे. मात्र प्रकृतीच्या कारणासाठी सरकार परमिट देतं. त्यासाठी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं राहायचं, त्यांची खात्री पटली की परमिट मिळतं, आणि ते दाखवून ठरलेल्या दुकानातून महिन्याला मोजक्या बाटल्या घेता येतात. काकांच्या शब्दांत, "परमिट मिळायला माणूस आजारी पाहिजे, पण बेताचा." काकांचा आजार झोप न येणं हा होता. तो खरा होता. काकू गेल्यापासून त्यांना झोप येत नसे. आमच्या सोसायटीत आणखी तिघांना झोप येत नाही आणि दोघांना बेचैनी आहे, पण त्यांच्याबद्दल मी खात्रीने बोलणार नाही.

काकू गेल्यानंतर काका मला लिफ्टमध्ये भेटले की म्हणत, "मास्तर, या ना कधीतरी." मी म्हणे, "येऊ, येऊ." आणि जात नसे. पेपर तपासायचे असत, पाय दुखत असत, काही ना काही असे. असं बरेच महिने चाललं. मग एकदा काका लिफ्टचं बटण दाबता दाबता हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्हाला स्कॉच कशी प्यायची ते शिकवतो. शनिवारी सहाला या." त्या शनिवारी मी सहाला पाच कमी असताना त्यांच्या दारात होतो.

परमिटवरची बाटली परमिटवाल्यानेच प्यायची असा नियम आहे, हे मला माहीत होतं. म्हणजे पहिल्या घोटापासून मी गुन्हेगार होतो.

तो पहिला घोट यायला पाऊण तास लागला. आधी ग्लास. खाली फुगीर, वर तोंडाशी निमुळता. "रुंद ग्लासातून वास उडून जातो. तो काय पंख्याला पाजायचाय?" मग अंगठ्याएवढी व्हिस्की. मग बर्फ नाही. "थंडीत माणूस तोंड मिटून बसतो, तीही मिटते." मग काकांनी कपाटातून प्रयोगशाळेतला काचेचा ड्रॉपर काढला आणि माझ्या ग्लासात पाणी घातलं. मोठ्याने मोजत, गुजरातीत, कारण कारखान्यात तशी सवय झालेली: "एक, बे, त्रण." तीन थेंब. चौथा नाही.

मी ग्लास तोंडाला लावला, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"घाई नको. ती कुठे पळून चाललीय? आधी वास घ्या. नाक आत नाही घालायचं, मास्तर. पहिल्या भेटीत मिठी मारतात का? लांबून. तोंड जरासं उघडं ठेवा. हां. आता सांगा, कसला वास येतो?"

मला स्पिरिटचा वास येत होता. शाळेत प्रथमोपचाराची पेटी उघडली की येतो तसा. पण समोर एक एकटा म्हातारा माणूस एवढ्या आशेने बघत होता. मी म्हणालो, "छान आहे."

"छान हा वास नाही. काय येतो ते सांगा."

"मध?" मी म्हणालो. कारण मघाशी बाटली उघडताना काकाच मधाचं काहीतरी बोलले होते.

काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "नाकाला विचारा, मास्तर. मला नको."

कबूल करतो, मला स्कॉच कधी आवडली नाही. एकदाही नाही. धुराच्या वासाची जी असते, समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरची, ती मला जळक्या वायरीसारखी लागली. गोडसर म्हणतात ती खोकल्याच्या औषधासारखी. प्रत्येक शनिवारी मी तो अंगठाभर द्रव तासभर पुरवत होतो आणि रात्री छातीत जळजळ घेऊन झोपत होतो. तरी जात होतो. का, ते सांगतो.

माझे वडील शेवटची काही वर्षं डभोईला एकटे राहिले. बसने जाऊन यायला अर्धा दिवस पुरतो. शुक्रवारी त्यांचा फोन यायचा, "उद्या ये ना." एवढंच. मी म्हणायचो, "पुढच्या शनिवारी नक्की." पुढचे शनिवार किती आले ते मी गणिताचा मास्तर असून मोजलेले नाहीत. ते गेले तो दिवसही शनिवारच होता, आणि मी घरी सहामाहीचे पेपर तपासत होतो. त्यानंतर शनिवारी संध्याकाळी घरात बसलो की मला खुर्ची टोचायची. काकांकडे जाऊन एक ग्लास नकोसं काही प्यायलो, तर कुठेतरी काहीतरी फिटतंय असं वाटे. माझ्या बायकोला, सुजाताला, हे पटत नसे. मी बडीशेप चघळत घरात शिरलो की ती विचारी, "काका एकटे आहेत म्हणून जाता, की काकांकडे बाटली आहे म्हणून?"

"एकटे आहेत म्हणून."

"मग सकाळी जात जा. एकटे ते सकाळीपण असतात."

मी आणखी थोडी बडीशेप तोंडात टाकली.

महिन्यातून एकदा बाटली निवडायला काका मलाही नेत. एका हॉटेलच्या मागे, जिन्याखाली ते दुकान. जाळीपलीकडे भरतभाई. लोक येत, परमिट सरकवत, बोट दाखवत, पिशवी घेत आणि खाली मान घालून निघून जात. काका स्टूल मागवून घेत.

"बोलो काका, आजे शुं आपुं?" भरतभाई थकलेल्या आवाजात विचारत. त्यांच्याकडे स्कॉचच्या सात-आठ जातींपलीकडे काही नसे आणि काकांना तास लागे.

भरतभाई वर्षांचा आकडा दाखवत, "काका, आ अठार वरसनी छे." काका म्हणत, "वय बघायला मी काय स्थळ बघायला आलोय? बारा वर्षांची शहाणी असते आणि अठराची नुसती लाकडाच्या पिंपात बसून राहिलेली." खोका सोनेरी असला की काका तो बाजूला ठेवायला सांगत. "ज्याला सांगण्यासारखं काही नसतं तो कपडे फार करतो." मागे रांगेतला कुणी "मिश्रणवाली हलकी असते" म्हणाला, तर काकांनी स्टुलावरून वळून त्याला सुनावलं, "भाई, तुम्ही बडोद्याचे ना? सेव-उसळ काय एकाच वस्तूची करतात? मिश्रण जमवायला हात लागतो." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मन लावून, "मास्तर, मागची तुम्हाला जरा झोंबली. हो ना? या खेपेला मऊ बघू. फळांकडे झुकणारी. भरतभाई, डावीकडून तिसरी काढा."

मी म्हणे, "काका, तुम्हाला आवडेल ती घ्या."

"माझं काय, मला सगळ्या चालतात."

तेव्हा हे वाक्य माझ्या कानावरून गेलं. ज्या माणसाला सोसायटीचा कापूर चालत नव्हता, त्याला सगळ्या चालतात?

आणखीही एक गोष्ट मी पाहून न पाहिल्यासारखी केली. सुरुवातीला आम्ही दोघं समोरासमोर ओतून घेत असू. पुढे काकांचा ग्लास मी जायच्या आधीच भरलेला असायला लागला. ग्लासही नव्हे, प्रयोगशाळेतलं एक छोटं बीकर. "माझीला तासभर हवा लागायला हवी," असं त्यांनी सांगितलं. मी एकदा सहज त्या बीकरकडे वाकलो, तर काकांनी ते पटकन उचललं. "दुसऱ्याच्या ग्लासात नाक घालू नये, मास्तर. शिष्टाचार आहे." नवीन शिष्टाचार म्हणून मी तो लक्षात ठेवला. मी असाच विद्यार्थी आहे, पाठ करणारा.

या वर्षी परमिटाची मुदत संपली. नवं करायला परत मंडळापुढे जायचं होतं. काका आठवडाभर अस्वस्थ होते. दोनदा त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "नाही मिळालं तर शनिवारचं काय, मास्तर?" मी म्हणालो, "मिळेल हो." मनात एक हलकट आशा होती की न मिळो.

मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि काकांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. बाकावर रांग होती. तिसऱ्या नंबरवर माझ्या नववी-ब मधल्या एका मुलाचे वडील. मला खाली लपायला जागा नव्हती.

"सर, तमे?"

"काकांसोबत आलोय," मी घाईने म्हणालो.

ते समजूतदारपणे हसले. "अहीं बधा काकानी साथे ज आवे छे, सर." इथे सगळे काकांसोबतच येतात म्हणे. त्यांच्या शेजारीही एक काका होते.

आमचा नंबर आला. आत दोन डॉक्टर. एक चष्मेवाले आणि एक डॉक्टरीणबाई. काकांनी आपली फाइल पुढे केली. आणि इथे काकांनी ती चूक केली, जी प्रयोगशाळेत जन्म काढलेला माणूसच करू शकतो. लोक अशा वेळी लागेल तेवढाच कागद देतात. काकांनी सगळे दिले. तारखेवार, पारदर्शक पिशव्यांत, एकही न वगळता. न जुळणारा आकडा नोंदीतून काढून टाकायचा नाही, हे त्यांच्या हाडांत भिनलेलं होतं.

बाई पानं उलटत गेल्या आणि एका पानावर थांबल्या. "काका, तुमच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी लिहून दिलंय. दारू पूर्ण बंद. एक थेंब नाही."

"हो."

"आणि परमिटवर दर महिन्याला बाटली घेतलीय. बे वरसथी."

"हो."

"मग शुं करो छो एनुं? काय करता त्या बाटल्यांचं?"

मी काकांच्या मागे उभा होतो, आणि त्यांच्या टकलामागची शीर उडताना मला दिसत होती. 'पितो' म्हणाले तर परमिट जाणार. 'पाजतो' म्हणाले तर नियमात बसत नाही, आणि ज्याला पाजतात तो गणिताचा मास्तर मागेच उभा. काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

"सूंघुं छुं, साहेब," ते म्हणाले. वास घेतो.

चष्मेवाले डॉक्टर खो-खो हसले. "दोन वर्षं? नुसता वास?"

"नाकाला बंदी लिहिलेली नाही," काका म्हणाले. "बघा कागदात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा काकांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली आणि फाइल मिटून, दोन्ही हातांनी, जपून परत दिली. "काका, परमिट नहीं आपुं. तब्येत सांभाळा."

परत येताना काका स्कूटरवर मागे फाइल छातीशी धरून बसले होते. मी पुढे गाडी चालवत हिशेब जुळवत होतो. दोन वर्षं. बीकर. हवा लागायला हवी. मला सगळ्या चालतात. म्हणजे हा माणूस दोन वर्षं दर महिन्याला स्टुलावर तासभर बसून जे निवडत होता, ते फक्त माझ्यासाठी होतं, आणि मी ते औषधासारखं गिळत होतो, त्याच्यासाठी.

सोसायटीच्या फाटकाशी उतरून काका म्हणाले, "चला मास्तर. सुटलात." आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले.

मला खरोखर सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.

शनिवार आला. सहा वाजले. मी नववीचे पेपर घेऊन बसलो होतो.

"आज जायचं नाही?" सुजाताने विचारलं.

"काय करू जाऊन? परमिट गेलं."

ती टोमणा मारेल म्हणून मी मान खाली घातली. तिने मारला नाही. बडोद्याच्या ओलसर लिलो चिवड्याचा डबा टेबलावर आणून ठेवला. "काकांना आवडतो," एवढंच म्हणाली आणि आत गेली. समोरच्या विंगमध्ये काकांच्या दिवाणखान्यातला दिवा लागलेला दिसत होता. मी पेनाला टोपण लावलं.

काकांनी दार उघडलं. नाक पुढे आलं. "तांबडी शाई. पेपर अर्धे टाकून आलात." मग माझ्या हातातल्या डब्याकडे पाहून जरा ओशाळून म्हणाले, "या, बसा. पण मास्तर, आता द्यायला काही नाही हो."

"तुमच्या बीकरमधलं द्या," मी म्हणालो.

काका आत गेले आणि भांड्याचा आवाज आला. दोन फुगीर ग्लास घेऊन बाहेर आले. दोन्हींत तोच सोनेरी रंग. कोरा चहा. रंग इतका नेमका की तो साधायला किती दिवस पाण्याची मापं करून बघितली असतील, देव जाणे.

"काका, एक सांगायचंय," मी म्हणालो. "मला ती कधी आवडली नाही."

"माहितीय."

"कधीपासून?"

"पहिल्या घोटापासून. एरंडेल पाजल्यासारखं तोंड करत होतात."

"मग तासतासभर निवडत कशाला होतात?"

"एखादी तरी आवडेल म्हणून." काकांनी डब्यातला चिवडा बशीत ओतला, थोडा सांडला, तो बोटाने गोळा केला. "तुम्हाला बोलवायला हातात काहीतरी पाहिजे ना. लिफ्टमध्ये किती महिने नुसतं 'या' म्हणत होतो. आलात?"

ते रागावलेले नव्हते. नमुन्याचा आकडा वाचून दाखवावा तसं म्हणाले. डभोईच्या फोनवरही नुसतं 'ये'च असायचं.

काकांनी कपाटातून ड्रॉपर काढला, वाटीतलं पाणी ओढून घेतलं आणि माझ्या चहावर धरला. "एक, बे, त्रण." चौथा नाही.

मी ग्लास उचलला. त्यांनी मनगट धरलं.

"घाई नको. आधी वास. लांबून. हं. कसला येतो?"

मी नाकाला विचारलं.

"चहाचा," मी म्हणालो.

"बरोबर," काका म्हणाले आणि खुर्चीत टेकून बसले. "आता जमायला लागलं तुम्हाला."